मैदानावरची खातेवही

(विहाराच्या वर्धापनदिन सोहळ्यात क्रीडा समितीच्या वतीने केलेले भाषण)



 बोलायला एकच जण उभा असला तरी आम्ही 'आम्ही' म्हणणार आहोत. त्यात मोठेपणा नाही. क्रीडा समितीतल्या चौघांचे हे म्हणणे आहे, आणि यात ज्या चुका सांगायच्या आहेत त्याही चौघांच्याच आहेत.

समितीने आम्हाला विषय दिला आहे, 'खेळातून उद्योजकता आणि जीवनाची शिकवण'. विषय ऐकून एक वडीलधारे म्हणाले, "खेळून कुणाचं पोट भरलंय? पोरांना अभ्यासाला बसवा." त्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्या जिल्ह्याने मोठे खेळाडू दिले. झहीर खान श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. पण झहीर लाखात एक होतो. उरलेल्या पोरांचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

दुसरे कोणी म्हणतात, खेळाचे सर्टिफिकेट मिळाले तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. आहेत, जरूर मिळवाव्यात. पण त्या ठराविक दर्जाच्या स्पर्धेत पदक मिळवणाऱ्यांसाठी आहेत. आपल्या गल्लीत संध्याकाळी कबड्डी खेळणारी चाळीस मुले-मुली आहेत. त्यातल्या एखाद्याला ते पदक मिळेल. बाकीच्यांना खेळाने काहीच द्यायचे नाही काय?

आमचे म्हणणे एवढेच आहे, की खेळ माणसाला देतो खूप, पण नुसते खेळल्याने ते मिळत नाही. खेळ चालवायला दिला तर मिळते. हे आम्हाला फार उशिरा कळले. ते कसे कळले, तेच आज सांगायचे आहे.

आधी थोडे मागे जाऊ. पळवणकर बाळू हे नाव आपल्यातल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. 1876 चा जन्म, चर्मकार समाजातला मुलगा. पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट आणि खेळपट्टीच्या देखभालीचे काम, पगार महिना तीन रुपये. तिथून युरोपियनांच्या क्लबात गेला. तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा तयार झाला, की ग्रेग नावाचा साहेब बाद केल्यावर दर वेळी आठ आणे देई असे सांगतात. त्याच बाळूने 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. तरुण बाबासाहेबांनाही त्याचा अभिमान होता. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, पण तो राजकारणाचा भाग झाला. खेळाडू म्हणून त्यांची थोरवी त्याने कमी होत नाही.

आता नीट पाहा. मैदानावर बाळूचा चेंडू सगळ्यांना हवा होता, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. आणि हिंदू संघाचे कप्तानपद त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली मिळाले. तेही भांडून, संघाबाहेर राहून, अपमान सोसून. म्हणजे घाम गाळायला आपला माणूस चालत होता, निर्णय घ्यायला चालत नव्हता.

हे वाचून आपल्याला राग येतो. पण आम्ही चौघांनी एकदा स्वतःकडे पाहिले आणि मान खाली गेली. कारण आमच्याच वस्तीत आम्ही आमच्याच पोरांशी तसेच वागत होतो. खेळायला पोरे, आणि कप्तान आम्ही.

भीमजयंतीनिमित्त आपल्याकडे कबड्डीचे सामने भरतात. कितीतरी वर्षे सगळा कारभार आमच्याकडे होता. वर्गणी आम्ही गोळा करायची, पावती पुस्तक आमच्या खिशात, मंडपवाल्याशी बोलणे आमचे, पाहुणे आम्ही बोलवायचे, सत्कारही आम्हीच करून घ्यायचे. पोरांनी मैदानावर फक्की मारायची, खेळायचे आणि शेवटी सतरंज्या गोळा करायच्या. मग एका वर्षी हिशेब जुळेना. मंडपवाला आणि ट्रॉफीवाला, दोघांचीही उधारी थकली. पोरे नाक्यावर उघड बोलू लागली, "म्हाताऱ्यांनी पैसे खाल्ले." आम्हाला फार लागले. पैसे कोणी खाल्ले नव्हते, पण लिहूनही कोणी ठेवले नव्हते. खाल्ले नाहीत हे सिद्ध कशाने करणार? दोन महिने पोरे विहारात फिरकली नाहीत. काही जण जयंतीलाही मागेच उभे राहिले.

तेव्हा महिला मंडळातल्या एक मावशी भर बैठकीत म्हणाल्या, "पोरांवर विश्वास नाही तर पोरांना तुमच्यावर कुठून येणार? वही त्यांच्याकडं द्या की. बुडाले तर बुडाले, शिकतील तरी." मावशींचा बचत गट तेव्हा चांगला चालत होता. त्यांना वहीची किंमत आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

आम्ही वही दिली. खरे सांगायचे तर रागाने दिली, की बघू या आता यांची मजा.

पहिल्या वर्षी पोरे बुडालीच. बावीस संघ आले, प्रवेश फी तीनशे रुपये, म्हणजे 6,600. वर्गणी 9,400. एकूण जमा 16,000. खर्च किती? बक्षिसे 9,000, ट्रॉफ्या 3,600, मंडप आणि लाऊडस्पीकर 5,000, पंचांचे मानधन व चहापाणी 2,900, फक्की आणि दोरी 300. त्यात अवकाळी पाऊस आला, सामने दुसऱ्या दिवशी घ्यावे लागले, त्याचे 1,700. एकूण खर्च 22,500. तूट साडेसहा हजार. ट्रॉफी मात्र अशी आणली होती, की जिंकलेल्या संघाला ती मोटरसायकलवर नेता येईना.

पोरे आमच्याकडे आली. आमच्यातले एक जण खिशात हात घालणार होते, पण मावशींनी डोळ्यांनी दटावले. आम्ही म्हणालो, "वही तुमची, तूटही तुमची. मुदत पाहिजे तर मंडपवाल्याशी जाऊन बोला." त्या दिवशी आम्हाला वाईट वाटले. आज वाटते, आम्ही केलेले सर्वात चांगले काम तेच होते.

पोरे मंडपवाल्याकडे गेली. तोंड चुकवण्याऐवजी समोर जाऊन "तीन हप्त्यांत देतो" म्हणाली. तो आश्चर्याने बघतच राहिला, कारण आजवर आमच्याकडून कोणी असे गेले नव्हते. मग पैसे उभे करायचे कसे? एका पोराच्या लक्षात आले, की आपण पाथर्डी, शेवगाव, राहुरीला सामन्यांना जातो तेव्हा सकाळी सहाला निघालेल्या पोरांना मैदानावर खायला काही नसते. त्यांनी दुसऱ्यांच्या स्पर्धेत, त्यांच्या आयोजकांना विचारून, पोहे आणि चहाची गाडी लावली. पहिल्या दिवशी पोहे उरले, शेजारपाजारी वाटले. दुसऱ्या वेळी आधी फोन करून किती संघ येणार ते विचारले आणि तेवढेच केले. सहा महिन्यांत तूट फिटली. धंद्याचे पहिले दोन धडे, गिऱ्हाइकाची अडचण ओळखणे आणि अंदाजाने माल न भरणे, ते पुस्तक न उघडता शिकले.

दुसऱ्या वर्षी फी पाचशे केली, वीसच संघ आले, पण जमा 10,000 झाली. वर्गणी 8,000, पोह्यांच्या गाडीचे 2,700. एकूण 20,700. ट्रॉफी आटोपशीर, बक्षिसे थोडी कमी, आणि मंडपवाला आता ओळखीचा झाल्याने त्यानेच हजार रुपये सोडले. खर्च 16,500. शिल्लक 4,200. हा हिशेब त्यांनी विहाराच्या फळ्यावर लिहिला. आठवडाभर येणारे-जाणारे वाचत होते. "म्हाताऱ्यांनी खाल्ले" हे वाक्य त्यानंतर ऐकू आले नाही.

शिल्लक रकमेचे काय करायचे यावर वाद झाला. निम्मी पोरे म्हणाली, सगळ्यांना बूट घेऊ. तेव्हा भन्तेजींनी सिगालोवाद सुत्तातली गोष्ट सांगितली. गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत, एक भाग उपभोगासाठी, दोन भाग आपल्या व्यवसायात, आणि चौथा भाग संकटासाठी राखून ठेवावा. पोरांनी लगेच वहीत मांडले. 1,050 रुपयांचे सगळ्यांचे जेवण. 2,100 पुढच्या स्पर्धेचे भांडवल. 1,050 अडीअडचणीला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा उपदेश आपण वंदनेनंतर ऐकतो आणि घरी जातो. तो वहीत उतरलेला आम्ही पहिल्यांदा पाहिला.

बंधू-भगिनींनो, गोड गोडच सांगितले तर ते खोटे होईल. तिसऱ्या वर्षी फीचे पैसे मोजताना तीन हजार कमी भरले. ते ज्याच्याकडे होते तो संघातला सर्वात चांगला चढाईपटू. मोबाईलवर पैसे लावायच्या खेळात त्याने ते घालवले होते. असल्या खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, पण त्याआधी कितीतरी घरांत ही कीड शिरून गेली होती. आम्ही चौघे संतापलो. म्हणालो, त्याला काढून टाका, विहाराच्या पायरीवर दिसता कामा नये.

तेव्हाची कप्तान एकोणीस वर्षांची मुलगी होती. ती शांतपणे म्हणाली, "काका, कबड्डीत बाद झालेला गडी सोबत्यानं गुण घेतला की परत आत येतो. कायमचा बाहेर घालवला तर आपणच एक गडी कमी खेळणार."

आम्ही गप्प बसलो. त्यांनी ठरवले, पैशाला त्याने हात लावायचा नाही, दरमहा पाचशे भरायचे, आणि मोबाईल सरावाच्या वेळी कप्तानाकडे ठेवायचा. सहा महिन्यांत त्याने तीन हजार फेडले. तो आज एमआयडीसीत कामाला जातो आणि संध्याकाळी लहान मुलांना पकड शिकवतो. आमचे ऐकले असते तर तो कुठे असता, हा विचार मनात आला की झोप उडते. आणखी एक मुलगा त्याच वाटेने गेला होता. तो मात्र परत आला नाही. तोही आमच्या हिशेबात आहे.

हे सगळे आपल्याच वस्तीत घडले म्हणून आम्हाला नवे वाटले. पण असे करणारे इतरत्र आमच्या आधीपासून आहेत. नागपूरला हिस्लॉप कॉलेजमधले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली भर पावसात झोपडपट्टीतली मुले मोडकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी त्यांना फुटबॉल दिला, झोपडपट्टीच्या संघांची स्पर्धा भरवली. त्यातून 'स्लम सॉकर' उभे राहिले आणि 2016 साली जागतिक फुटबॉल संघटनेने, फिफाने, त्यांचा गौरव केला. आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यातल्या नागराज मंजुळे यांनी त्यावरच 2022 साली 'झुंड' काढला. तो आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

मुंबईला कफ परेडच्या आंबेडकर नगर वस्तीत अशोक राठोड या तरुणाने 2006 साली अठरा मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्याचे वडील ससून डॉकवर काम करणारे. वस्तीतली मुले शाळा सोडून मासळीच्या कामाला लागत होती. त्याने एकच नियम ठेवला, शाळा नाही तर फुटबॉल नाही. मोठी झालेली मुले-मुलीच लहानांना शिकवू लागली. यात घेण्यासारखे काय, तर नियम साधा ठेवला आणि पुढारपण मुलांकडे दिले. मैदान मोठे नव्हते, पैसाही नव्हता.

आता मुलींविषयी. आमच्याकडे वही प्रथम एका मुलीकडे आली ती खेळाडू म्हणून नव्हे. तिच्या आईने सांगितले होते, "लिहायला चालेल, खेळायला नको." सहा महिने ती मैदानाच्या कडेला बसून गुण लिहायची आणि पैसे मोजायची. मग एक दिवस एक मुलगी कमी पडली आणि आईनेच तिला म्हटले, "जा गं, वही मी धरते." आज पहाटे साडेसहाला मुलींचा सराव असतो आणि दोन-तीन आया चालायला म्हणून मैदानाला फेऱ्या मारतात. राखणही होते, व्यायामही होतो. मघाशी सांगितलेली कप्तान तीच मुलगी.

कबड्डी काय शिकवते हे आम्ही पोरांनाच विचारले. एक म्हणाला, "चढाईला तीस सेकंद असतात. प्रत्येक चढाईत गुण मिळत नाही. कधी कधी हात राखून परत यायचं, पण दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत काहीतरी करावंच लागतं." हा पोरगा आज खेळाच्या टी-शर्टवर नाव-नंबर छापून देतो. आधी त्याने मशीन घेतले नाही. एक वर्ष दुसऱ्याकडून छापून आणून विकले, गिऱ्हाईक जमले, मग मशीन घेतले. दुसरा म्हणाला, "कोपऱ्यातल्यानं एकट्यानं उडी मारली की लोण चढतो. साखळी धरली तर पकड होते." पोह्यांच्या गाडीवरची दोघांची भागीदारी मात्र तुटली. साखळी मैदानावर धरता आली, गल्ल्यावर नाही आली. पण भांडण वहीसमोर बसून मिटले, कोर्टात गेले नाही, हेही थोडे नव्हे.

हरणेही शिकावे लागते. फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्याच शहरात महाराष्ट्र केसरी झाली. निकाल मान्य नाही म्हणून पंचांना लाथ मारण्याचा प्रकार घडला आणि दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पंच चुकला असेल, नसेल. पण वर्षानुवर्षांची मेहनत एका क्षणात गेली. आमच्या पोरांनी तेव्हापासून नियम केला, पंचाशी फक्त कप्तान बोलेल. आज तीच पोरे बँकेत, कचेरीत गेली की एकच जण बोलतो आणि कागद हातात घेऊन बोलतो.

मात्र एक गोष्ट खेळ करू शकत नाही, तीही सांगतो. टी-शर्टवाल्या पोराने दुकानासाठी गाळा पाहिला. भाडे ठरले, बयाणा द्यायला गेला, तेव्हा आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, गाळा द्यायचा नाही. तो रात्री विहारात येऊन बसला. आम्ही त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. परदेशातून शिकून आल्यावर, 1918 च्या सुमारास, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. एवढ्या विद्वत्तेला हे भोगावे लागले. शंभर वर्षांनी गाळ्याच्या दारात तोच प्रश्न उभा आहे. कबड्डी चांगली खेळल्याने तो सुटत नाही. त्याला कायदा, संघटना आणि लढाच लागतो.

पण त्या रात्री एक फरक होता. तो पोरगा एकटा नव्हता. संघातल्या एकाच्या घराची पुढची खोली रिकामी होती. त्याच्या आईने सांगितले, "इथं लाव तुझं मशीन, भाडं जमेल तसं दे." पाहिले कपडे छापायला दिले ते त्याच्याविरुद्ध खेळलेल्या संघांनी, कारण स्पर्धेत हिशेब चोख असतो हे त्यांना माहीत होते. ज्याच्याकडे जमीन नाही, ठेव नाही, जामीन राहणारा नाही, त्याला शब्द पाळणारी सात माणसे हेच भांडवल. ते कुठल्याही बँकेत मिळत नाही. मैदानावर मात्र रोज थोडे थोडे जमा होते.

म्हणून विहार समितीला आणि पालकांना आमची नम्र विनंती आहे. स्पर्धेची वही कायम तरुणांकडे राहावी. हिशेब आठ दिवसांच्या आत फळ्यावर लागावा. कप्तान दर वर्षी बदलावा आणि एक वर्षाआड तो मान मुलीला मिळावा. शाळा बुडवणाऱ्याला सरावाला घेऊ नये. आणि तूट आली तर आपण मोठ्यांनी लगेच खिशात हात घालू नये. सल्ला द्यावा, सोबत जावे, पण हप्ता त्यांनीच फेडावा. पालकांनी एवढेच करावे, की महिन्यातून एकदा येऊन ती वही वाचावी. पोराने किती गुण घेतले हे विचारता, तसे या महिन्यात किती जमा आणि किती खर्च हेही विचारा.

समितीतले आम्ही चौघे आता साठीकडे आलो आहोत. आजपासून पावती पुस्तकाची जुनी पेटी आणि तिची किल्ली आम्ही या व्यासपीठावरून या वर्षीच्या कप्तानाकडे देत आहोत. खरे तर ती कधीच द्यायला हवी होती. पेटीत जुन्या वर्षांच्या दोन उधाऱ्या अजून आहेत. त्या मात्र आमच्या. त्या फेडूनच आम्ही मोकळे होऊ, हा शब्द सर्वांसमोर देतो.



नमो बुद्धाय. जय भीम.